मालकीला नकार देणारा खेळाडू

अमेरिकेतील कृष्णवर्णीय बेसबॉलपटू कर्ट फ्लड यांचा जन्म १९३८ मध्ये ह्यूस्टन येथे झाला. सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळताना त्यांनी उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार सलग ७ वेळा पटकावला. १९६९ मध्ये संघाने त्यांना परस्पर फिलाडेल्फियाच्या हवाली केले. खेळाडू म्हणजे तेव्हा संघाची मालमत्ताच! मोठ्या वेतनावर पाणी सोडून फ्लड यांनी थेट बेसबॉलच्या आयुक्तांवर खटला भरला. त्यांच्या बाजूने साक्ष देण्यास मैदानावरील एकही तत्कालीन खेळाडू फिरकला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते ५ विरुद्ध ३ मतांनी हरले. कारकीर्द त्याआधीच संपली होती. १९७५ मध्ये लवादाने ते बंधन मोडीत काढले. लाभ झाला तो इतरांना. फ्लड यांचे १९९७ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने बेसबॉलपटूंच्या हक्कांविषयीच्या कायद्याला त्यांचे नाव दिले.