विश्लेषण : भीमेच्या माशांची मराठी नावे जगभर नेणारे कर्नल साइक्स कोण होते?

घरातल्या टाकीत दगडावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या मळ्याचे शास्त्रीय नाव 'गारा मुल्या' असे आहे. त्यातला 'मुल्या' हा शब्द लॅटिन नाही, तो दख्खनच्या नदीकाठच्या बोलीतून आला आहे. शिंगटीचे 'मिस्टस सींगटी' आणि शिंगाळ्याचे 'स्पेराटा सींघाला' ही नावेही तशीच. ही सगळी नावे १८३९ मध्ये एकाच माणसाने छापून आणली. तो प्राध्यापक नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी होता. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

तेराव्या वर्षी फौजेत

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये झाला. १८०३ मध्ये, म्हणजे आजच्या हिशेबाने आठवीत असण्याच्या वयात, ते कंपनीच्या सैन्यात दाखल झाले. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते. १८१७ मध्ये खडकी आणि पुण्याच्या लढायांतही ते होते. त्या लढायांनी पेशवाई संपवली आणि पुणे, नगर, खानदेश हा मुलूख कंपनीकडे गेला.

मुलूख ताब्यात आला, पण तिथे माणसे किती, पिके कोणती, जमिनीवर हक्क कोणाचा, मजुरी किती, याचा नीट हिशेब कंपनीकडे नव्हता. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांना 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमले. पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), खानदेश आणि धारवाड ही चार कलेक्टोरेट त्यांच्या वाट्याला आली. हेतू उघड होता. महसूल वसूल करायचा तर आधी मोजणी हवी. साइक्स यांच्या कामाकडे पाहताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

मोजणीत मासे कसे आले?

साइक्स यांचे वैशिष्ट्य असे, की ते नेमून दिलेल्या रकान्यांवर थांबले नाहीत. गावोगावी तंबू ठोकत फिरताना त्यांनी हवेचा दाब आणि तापमान नोंदले, पाऊस मोजला, रानटी रेशीमकिड्याचे निरीक्षण केले. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये आणि पक्ष्यांची १८३२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. माळरानावरच्या एका चंडोलाला इंग्रजीत आजही 'साइक्सचा चंडोल' म्हणतात. १८२९ च्या अखेरीस सरकारने त्यांचे पदच रद्द केले, तरी त्यांनी जानेवारी १८३१ मध्ये काम पुरे करूनच दप्तर बांधले.

माशांवरचा निबंध त्यानंतर काही वर्षांनी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे आला. त्यात चाळीसहून अधिक माशांची वर्णने आहेत आणि स्थळांच्या नोंदीत भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्या येतात. आजच्या 'ऑस्टिओब्रामा विगोर्सी' या चपट्या, चंदेरी माशापुढे भीमेवरच्या 'पैरगाव'ची नोंद आहे. हे गाव म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातले पेडगाव, बहादूरगडाचे.

नावे ठेवताना साइक्स यांनी दोन वाटा धरल्या. काही मासे लंडनच्या मंडळींच्या नावे केले. विगोर्स आणि ओगिल्बी हे दोघेही त्या सोसायटीचे सचिव होते. बाकी बऱ्याच माशांना मात्र स्थानिक लोक जे म्हणत तेच नाव कायम केले : खुद्री, कोळस, मळ्या, शिंगटी. वरच्या ओठावर पुढे आलेल्या नाकाड्याच्या 'नुक्ता' माशाचे नाव वाचताच मराठी माणसाला नकटा आठवतो. ज्यांच्या तोंडून ही नावे मिळाली ते भोई-कोळी मात्र शास्त्रीय नावाच्या मानकऱ्यांत नाहीत.

टाकीत यातले कोण चालते?

घरी छोटे मासे आणि बारके झिंगे एकत्र ठेवणाऱ्यांना ही जुनी यादी आजही उपयोगी पडते. नियम साधा आहे. माशाच्या तोंडात मावेल ते त्याचे अन्न. झिंग्याचे पिल्लू जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असते. मळ्याचे तोंड खालच्या बाजूला आणि खरवडण्याजोगे, त्यामुळे मोठ्या झिंग्यांना त्याच्यापासून फारसा धोका नसतो. मात्र तो वीतभर वाढतो आणि त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, म्हणून छोट्या टाकीत त्याचे हाल होतात. शिंगटी रात्री मिशांनी चाचपडत शिकार करते, तिला झिंग्यांसोबत ठेवू नये. पारदर्शक काचमासा इवलासा दिसतो, पण पिल्ले टिपण्यात तरबेज. टाकीत शेवाळ आणि दाट पाणवनस्पती असल्या तर काही पिल्ले तरी वाचतात. माशांच्या आजारावरचे तांबेयुक्त औषध मात्र टाकीत घालू नये. माशाला त्याची मात्रा सोसते, झिंगे मरतात.

आणि टाकीतले काहीही नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नये. हे का, ते भीमेकडे पाहिले की कळते.

पुढे काय झाले?

इंग्लंडला परतल्यावर साइक्स यांची चढती कमान राहिली. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १८४० मध्ये कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या उंबरठ्यावर कंपनीचा कारभार त्यांच्या हाती होता. १८५७ पासून अखेरपर्यंत ते अ‍ॅबर्डीनचे खासदार होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामात एक मोठी उणीव राहून गेली. त्यांनी वर्णन केलेल्या अनेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. शिरूरजवळ घोड नदीतून नोंदवलेल्या 'मुसल्ला' माशाचे उदाहरण बोलके आहे. पडताळायला नमुना नसल्याने १९४० च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी तो महासीर ठरवला. तेच नाव पुढे दक्षिणेत कावेरीतल्या पाठीवर कुबड असलेल्या महासीरलाही चिकटले. २०१३ मध्ये संशोधकांनी जुने वर्णन पुन्हा तपासून दाखवले, की साइक्स यांचा मुसल्ला महासीर नव्हेच, तो वेगळ्याच कुळीतला मासा आहे. कावेरीच्या महासीरला त्याचे योग्य नाव २०१८ मध्ये मिळाले. दरम्यान तो मासा नामशेष होण्याच्या काठावर पोहोचला होता. आणि ज्याची ओळखच पक्की नाही, त्याच्या संरक्षणाची योजना तरी कशी आखणार?

पेडगावच्या खालच्या अंगाला भीमेवर उजनी धरण झाले. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत त्याचे पाणी पसरले. वाहत्या, खडकाळ पाण्यातल्या माशांचा अधिवास तिथे संथ जलाशयाखाली गेला. आज तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात सर्वाधिक येते ती चिलापी, मूळची आफ्रिकेतली. साइक्स यांच्या यादीत तिचे नाव नाही.