डॉ. जॉन विल्सन : धर्मोपदेशक आणि शिक्षणसेवक

मुंबईच्या गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन कॉलेज आपल्या परिचयाचे आहे. परंतु ज्यांचे नाव ती संस्था धारण करते, त्या रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन यांच्या जीवनाची ओळख आपल्या धर्मग्रामांत फारशी नाही. ते कॅथलिक नव्हते. स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन पंथाचे ते पाळक होते. तरीही त्यांच्या श्रद्धेपासून आपल्याला पुष्कळ शिकता येईल, असे आम्हाला वाटते.

विल्सन यांचा जन्म 1804 साली स्कॉटलंडमधील लॉडर या गावी झाला. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण घेऊन व पाळकपदाची दीक्षा स्वीकारून 1829 साली ते पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस आले. प्रथम कोकणातील हर्णै येथे राहून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. ज्या लोकांना शुभवर्तमान सांगायचे त्यांची भाषा आधी आत्मसात करावी, हा त्यांचा निर्धार होता. दोनशे वर्षांपूर्वी येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनीही हाच मार्ग अनुसरला होता. पुढे मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या 1857 च्या आवृत्तीस विल्सन यांनी मराठी भाषेविषयी विवेचन जोडले.

मार्गारेटने मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्या काळी हे धाडसच होते. 1835 साली तिचे निधन झाले. तेव्हा तिच्या दोन बहिणींनी स्कॉटलंडहून येऊन ते कार्य पुढे चालविले. स्वतः विल्सन यांनी 1832 साली काढलेली इंग्रजी शाळाच कालांतराने विल्सन कॉलेज झाली.

या कार्याची खरी कसोटी 1839 साली लागली. धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात प्रक्षोभ उसळला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. धनजीभाईंना आपला मार्ग निवडण्याची मोकळीक न्यायालयाने दिली; परंतु पालकांनी मुले काढून घेतल्यामुळे शाळा ओस पडू लागली. बाप्तिस्मा नाकारला असता तर शाळा वाचली असती. विल्सन यांनी पटसंख्येपेक्षा तरुणांच्या सदसद्विवेकाला अधिक मान दिला. धनजीभाई पुढे स्वतः पाळक झाले.

दुसरी कसोटी 1843 साली आली. पाळकांच्या नेमणुकीत जमीनदारांचा व सरकारचा हस्तक्षेप नको, या मुद्द्यावरून स्कॉटलंडमधील चर्च दुभंगले. विल्सन यांनी नव्या फ्री चर्चची बाजू घेतली. परिणामी संस्थेची पूर्ण होत आलेली इमारत त्यांना सोडून द्यावी लागली आणि सर्व काही पुन्हा उभारावे लागले.

विल्सन हे थोर संशोधकही होते. गिरनार येथील अशोकाच्या शिलालेखाची त्यांनी घेतलेली प्रत जेम्स प्रिन्सेप यांच्या अभ्यासास उपयोगी पडली. 1868 साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी येशूसंघीय धर्मगुरूंनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले. 1870 साली फ्री चर्चच्या महासभेने त्यांना आपले अध्यक्षपद दिले. तरीही त्यांनी मायदेशी निवृत्त जीवन स्वीकारले नाही. ते मुंबईस परतले आणि 1 डिसेंबर 1875 रोजी येथेच निधन पावले. चौपाटीवरील वास्तू त्यानंतर, 1889 साली, उभी राहिली.

हिंदू व पारशी धर्मांविषयी त्यांनी केलेले खंडनात्मक लेखन आज आपल्याला कठोर वाटते. त्या काळी कॅथलिक व प्रोटेस्टंट बांधवांमध्येही मोठा दुरावा होता. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली आपल्याला विभक्त बंधूंमधील ख्रिस्ती सद्गुणांचा आनंदाने स्वीकार करण्यास शिकविले. आज आपल्याही अनेक शाळा व महाविद्यालये आहेत. प्रवेशांची संख्या, इमारती आणि प्रतिष्ठा यांची चिंता आपल्यालाही भेडसावते. इमारत गमावूनही श्रद्धेशी प्रामाणिक राहिलेल्या या पाळकाचे जीवन आपल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांना आणि आपणा सर्वांना बळ देवो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.