हिवतापाचा परजीवी मुंबईत पाहणारे डॉ. कार्टर

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या १८५८ च्या ग्रंथातली चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांची. नाव झाले ते ग्रे यांचे. त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. हिवताप दूषित हवेने होतो, असा तेव्हा समज होता. १८८० मध्ये लाव्हेरान यांना अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला, पण अनेक डॉक्टरांना ते पटेना. कार्टर यांनी १८८७ मध्ये भारतातल्या रुग्णांच्या रक्तात तोच दाखवला.

हा एकपेशीय प्लाझमोडियम. पेशीच्या आवरणाखाली चपट्या पिशव्या असलेल्या अल्व्हिओलेट गटातला, म्हणजे समुद्रातल्या डायनोफ्लॅजेलेटांचा नातलग. शैवालाकडून आलेल्या लवकाचा अवशेष त्याच्यात आजही आहे.

डासाच्या पोटातला हा परजीवी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला ऑगस्ट १८९७ मध्ये सापडला. कार्टर त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते.