मार्कशीटवरचे गाडगेबाबा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक कॉलेजांच्या मार्कशीटवर एकच नाव छापलेलं असतं: संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. गंमत म्हणजे, हे गाडगेबाबा स्वतः कधी शाळेत गेले नव्हते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं खरं नाव. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, घर परिटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी मामाकडे दापुऱ्याला वाढला. तिथे गुरं राखली, शेती केली आणि सावकार जमीन कशी गिळतो तेही पाहिलं. आपल्या भागातल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत घालायची रीत होती. डेबूजीने भावकीचा राग पत्करून गोडाचं जेवण घातलं.

1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं. मागे आई, बायको, मुलं. त्यांनी काय सोसलं असेल, हा प्रश्न टोचतोच. बाबांचं मोठेपण सांगताना तो गाळायला नको.

अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. गावात शिरले की आधी झाडलोट, भाकरी नंतर. रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन. त्यात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शिकवा, हे त्यांचं सांगणं.

म्हणजे ते देवाधर्माच्या विरोधात होते का? अजिबात नाही. कीर्तनात देवाचा गजर असायचाच. पंढरपूरलाही जायचे, पण राबायचे देवळाबाहेर, वारकऱ्यांसाठी. त्या काळात दलित वारकऱ्यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. रात्री टेकायला जागा मिळणंही मुश्कील. सगळे एकाच विठ्ठलाचे भक्त, तरी ही तऱ्हा! नुसत्या भक्तीने माणूस मायाळू होतोच असं नाही, हे बाबांनी ओळखलं होतं. म्हणून देवाच्या नावाने हात सैल सोडणाऱ्या लोकांकडून त्यांनी धर्मशाळांसाठी पैसा उभा केला. दलित वारकऱ्यांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. 1949 मध्ये ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. वारकऱ्यांचा निवारा शिकणाऱ्या पोरांच्या कामी आला.

20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

दरवर्षी जयंतीला कॉलेजात खराटे येतात, फोटो निघतात. मीही काढलाय, स्टेटसलाही ठेवलाय. पण तेच आवार रोज सकाळी झाडणाऱ्या मावशींचं नाव मात्र मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. बाबांनी आधी तेच विचारलं असतं.