धर्मभ्रष्ट ठरविलेला धर्मात्मा : श्रीसंत एकनाथमहाराज

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की गावोगावच्या दिंड्यांची पावले पैठणकडे वळू लागतात. टाळमृदंगाच्या घोषाने गोदेचा काठ दुमदुमून जातो. नाथांच्या वाड्यातील विजयी पांडुरंगापुढे भाविकांची रीघ लागते आणि अष्टमीला काल्याचा प्रसाद घेऊन वारकरी आपापल्या गावी परततात. संप्रदायाच्या परंपरेत या तिथीस पंचपर्वाचे माहात्म्य आहे. नाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांची व स्वामींची भेट, स्वामींचे निर्याण आणि अखेरीस स्वतः नाथांचे निर्याण, असे पाच प्रसंग याच तिथीस घडले अशी श्रद्धा आहे.

ज्या पैठणात आज नाथांच्या नावाचा गजर होतो, त्याच पैठणात एके काळी नाथांना वाळीत टाकण्यात आले होते. ज्या ब्रह्मवृंदाचे ते भूषण होते, त्याच ब्रह्मवृंदाने त्यांना धर्मभ्रष्ट ठरविले होते. या पर्वणीला नाथांच्या शांतीचे गुणगान आपण सारेच करतो. परंतु ती शांती कोणत्या आगीत तावूनसुलाखून निघाली होती, याचे स्मरणही या निमित्ताने करावे, असे आम्हांस वाटते.

कुळाची पुण्याई

नाथांचा जन्म साधारणतः इ. स. १५३३ मध्ये पैठण क्षेत्री झाला. पंढरीची विठ्ठलमूर्ती विजयनगराहून परत आणल्याची कीर्ती ज्यांच्या नावे सांगितली जाते, ते परमभागवत भानुदास हे त्यांचे पणजोबा. पित्याचे नाव सूर्यनारायण आणि मातेचे रुक्मिणी. आईबापांचे छत्र अगदी बालपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवाचा सांभाळ केला. कुळात विठ्ठलभक्ती होती, घरात वेदविद्या होती आणि गावात धर्मपीठाचा मान होता. अशा घरातील मुलाने रूढ वाटेने चालत राहिल्यास मानमरातबाला तोटा नव्हता.

परंतु वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा सद्गुरूच्या शोधात घर सोडून देवगिरीस गेला. निजामशाहीच्या चाकरीत किल्ल्याचा कारभार पाहणारे जनार्दनस्वामी हे दत्तोपासक सत्पुरुष तेथे राहत होते. त्यांच्या सेवेत नाथ राहिले. हिशेबाच्या चोपडीत एका पैची चूक लागत नव्हती म्हणून त्यांनी सारी रात्र दिव्यापाशी जागून काढली आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा आपल्या घरोघरी मुलांना सांगितली जाते. ती केवळ मौजेची कथा नव्हे. एका पैची चूक ज्यांना झोपू देईना, त्या नाथांना पुढे धर्माच्या हिशेबातील चूक स्वस्थ बसू देणार नव्हती.

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून नाथ पैठणास परतले. वैजापूरच्या गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी गृहस्थाश्रम स्वीकारला. स्नानसंध्या, देवपूजा, पुराण, अतिथिसत्कार, रात्री कीर्तन असा त्यांचा नित्यक्रम होता. त्यांनी शास्त्र टाकले नाही, श्राद्धपक्ष सोडले नाहीत, जानवे तोडले नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील प्रसंगांचे मर्म कळते. नाथांचा प्रश्न धर्माच्या बाहेर उभे राहून विचारलेला नव्हता. सर्वांभूती भगवंत आहे असे जे शास्त्र रोज मुखाने म्हटले जाते, ते पंक्तीला, पाणवठ्यावर आणि वाळवंटात का विसरले जाते, एवढेच त्यांचे आचरण विचारीत होते.

श्राद्धाचे अन्न

तो प्रश्न उभा राहिला पितृश्राद्धाच्या दिवशी. वाड्यात स्वयंपाक सिद्ध झाला होता आणि ब्राह्मणांना आमंत्रणे गेली होती. त्या वेळी अस्पृश्य मानले गेलेले एक भुकेले कुटुंब वाड्याजवळून चालले होते. पक्वान्नांचा सुवास आला आणि त्यांतील पोरासोरांची तोंडे कळवळली. ते बोल नाथांच्या कानी पडले. त्यांनी गिरिजाबाईंकडे पाहिले. त्या साध्वीनेही क्षणाचा विलंब न लावता संमती दिली आणि ते सिद्ध अन्न त्या भुकेल्या जिवांना तृप्त होईपर्यंत वाढण्यात आले.

मागाहून चूल सारवून, सोवळ्याने पुन्हा सारा स्वयंपाक झाला. परंतु वार्ता गावभर पसरली होती. ब्राह्मणांनी पानावर येण्यास नकार दिला. पितरांच्या नावे केलेले अन्न अंत्यजांना घालणारा मनुष्य धर्मातून गेला, असा निवाडा झाला. श्राद्ध मोडले तर पितर उपाशी राहतात, ही त्या काळच्या गृहस्थाच्या मनातील सर्वांत मोठी भीती. त्या भीतीवरच बोट ठेवून नाथांना एकटे पाडण्यात आले. तेव्हा नाथांनी पाने मांडली, पितरांना आवाहन केले आणि साक्षात भानुदास, चक्रपाणी व सूर्यनारायण पानावर येऊन जेवून गेले, असे चरित्रकार सांगतात.

आधुनिक वाचक या चमत्काराकडे कोणत्याही दृष्टीने पाहो. त्यातील भाव स्पष्ट आहे. परंपरेच्या नावाने जे नाथांना दूर सारीत होते त्यांना उत्तर द्यावयास प्रत्यक्ष परंपराच, म्हणजे नाथांचे पूर्वजच, त्यांच्या पंक्तीस बसले. लोकमानसाने दिलेला हा न्याय आहे.

बहिष्कार आणि प्रायश्चित्त

असे प्रसंग एकामागून एक घडत गेले. दुपारच्या उन्हात गोदेच्या तापलेल्या वाळवंटात एका अस्पृश्याचे मूल भाजत, रडत उभे होते. स्नान करून निघालेल्या नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतले व त्याच्या घरी पोहोचविले. कीर्तनास नित्य येणाऱ्या, महारवाड्यातील एका विठ्ठलभक्त दांपत्याने भोजनाचे आमंत्रण दिले, तेही त्यांनी स्वीकारले. विरोधकांनी पाळत ठेवली. त्यांना नाथ एकाच वेळी आपल्या वाड्यातही दिसले आणि त्या भक्ताच्या घरी पानावरही दिसले. भक्ताचा बोल राखण्यासाठी पांडुरंगानेच नाथांचे रूप घेतले, अशी कथा आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतील गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातल्याची कथाही सर्वश्रुत आहे.

त्या काळी बहिष्कार म्हणजे काय, याची कल्पना आजच्या पिढीस सहसा येत नाही. वाळीत पडलेल्या घरी पुरोहित येत नसे, मुंजी-लग्ने खोळंबत, सोयरिकी तुटत आणि मृत्यूनंतर खांदा द्यावयास माणूस मिळण्याची शाश्वती नसे. शिक्षा एकट्या कर्त्या पुरुषास होत नसे. तिचा भार पत्नीवर आणि कच्च्याबच्च्यांवरही पडे. नाथांच्या घरी दोन कन्या व एक पुत्र होता. गिरिजाबाईंच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार आपल्या माता-भगिनींनी करून पाहावा.

नाथांनी या साऱ्याला कसे तोंड दिले? ते ब्रह्मवृंदावर रागावले नाहीत आणि गाव सोडून गेले नाहीत. सभेने प्रायश्चित्त सांगितले, तेव्हा त्यांनी नम्रपणे मान तुकविली व ते गोदातीरी जाऊन बसले. प्रायश्चित्ताचा विधी चालला असतानाच त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण शोध घेत तेथे आला. अंत्यजांस अन्न दिल्याने नाथांना जे पुण्य जोडले आहे, ते त्यांनी देऊ केले तर रोग जाईल, असा दृष्टांत त्याला झाला होता. नाथांनी तत्क्षणी उदक सोडले आणि तो ब्राह्मण रोगमुक्त झाला. ज्या कृत्याचे पाप फेडण्यासाठी सभा बसली होती, त्याच कृत्याचे पुण्य मागावयास एक दुःखी जीव त्याच सभेत येऊन उभा राहिला! आमच्या मते नाथचरित्रातील सर्वांत मार्मिक प्रसंग हाच होय.

येथे आणखी एक गोष्ट आठवते. याच पैठणच्या ब्रह्मसभेपुढे सुमारे तीनशे वर्षांपूर्वी संन्याशाची मुले म्हणून हिणविलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी उभी राहिली होती. त्या भावंडांतील ज्ञानदेवांच्या ग्रंथात कालौघात शिरलेले अपपाठ काढून त्याची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे कार्य नाथांनीच शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये पूर्ण केले. एका बहिष्कृताचा ग्रंथ दुसऱ्या बहिष्कृताने शुद्ध करावा आणि त्या ग्रंथाने महाराष्ट्राची शुद्धी व्हावी, अशी ही योजना होती.

काशीचा निवाडा

नाथांवरील दुसरा आरोप भाषेचा होता. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी मराठीत टीका आरंभिली. तिचे आरंभीचे अध्याय काशीस पोहोचले, तेव्हा तेथील पंडितांत खळबळ उडाली. देववाणीतील गुह्य प्राकृतात आणून सर्वांस खुले करणे हा अधर्म, असे म्हणून नाथांना काशीस पाचारण करण्यात आले. नाथ गेले. त्यांनी आपला ग्रंथ पुढे ठेवला आणि तो ऐकण्याची विनंती केली. ऐकता ऐकता विरोध मावळला. उरलेला ग्रंथ नाथांनी वाराणसीतच राहून शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, इ. स. १५७३ मध्ये पूर्ण केला. एकतीस अध्यायांचा हा एकनाथी भागवत ग्रंथ पुढे हत्तीवरून मिरविला गेला, अशी परंपरा आहे. आज तो ज्ञानेश्वरी व तुकोबांच्या गाथ्यासह वारकऱ्यांच्या प्रस्थानत्रयीत विराजमान आहे.

घरातील विरोध

परक्यांचा विरोध मनुष्य सोसतो. पोटच्या पुत्राचा विरोध सोसणे कठीण असते. नाथांचे पुत्र हरिपंडित हे व्युत्पन्न शास्त्री होते. पित्याने मराठीत पुराण सांगावे आणि परान्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. ते घर सोडून काशीस गेले. वृद्ध नाथ त्यांना आणावयास स्वतः गेले. प्राकृतात प्रवचन करावयाचे नाही व दुसऱ्याचे अन्न घ्यावयाचे नाही, या दोन अटी पुत्राने घातल्या आणि पित्याने त्या मान्य केल्या.

हरिपंडितांचे संस्कृत पुराण सुरू झाले आणि वाड्यातील श्रोते हळूहळू ओसरले. पुढे एका गरीब विधवेचा सहस्रभोजनाचा संकल्प द्रव्याअभावी अडला. एकट्या नाथांना जेवू घातले तर तो संकल्प पुरा होईल, असे तिला कळले. पुत्राच्या अटीस बाध येऊ नये म्हणून तिच्या घरी हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला व नाथ जेवले. उच्छिष्ट पान उचलावयास हरिपंडित वाकले, तो एका पानाखाली दुसरे, दुसऱ्याखाली तिसरे, अशी सहस्र पाने निघाली, असे सांगतात. पुत्राचा अभिमान गळाला आणि वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले. वादाने जे झाले नसते, ते पित्याने पुत्राचा शब्द पाळल्याने झाले.

नाथांचा वारसा

नाथांनी भारुडे रचली. त्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी, महार असे गावगाड्यातील सारे लोक बोलतात आणि परमार्थ सांगतात. हिंदु-तुर्क संवादात दोन धर्मांचे अनुयायी भांडतात आणि शेवटी एकमेकांस आलिंगन देतात. भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले, तेव्हा ते पूर्ण करण्याचा मान पुरणपोळीसाठी वाड्यात राहिलेल्या व सर्वांनी मंदबुद्धी मानलेल्या गावबाला मिळाला. ज्याला जगाने नाकारले, त्याला नाथांनी जवळ केले, असेच सर्वत्र दिसते.

इ. स. १५९९ मध्ये नाथांनी गोदावरीत देह ठेवला. पुढे १९३५ साली प्रभात कंपनीने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली त्यांच्या चरित्रावर बोलपट काढला व त्यात बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केली. बोलपटाचे मूळ नाव महात्मा असे होते. सरकारी आक्षेपामुळे ते बदलून धर्मात्मा करावे लागले. धर्मभ्रष्ट ठरविलेल्या पुरुषास शेवटी हेच नाव शोभून दिसले! आज पैठणजवळ गोदेवर बांधलेल्या धरणाच्या विशाल जलाशयासही नाथसागर हेच नाव आहे.

नाथांनी अस्पृश्यतेची रूढी समूळ उपटून टाकली, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. त्यांच्यानंतरही शतकानुशतके महाराष्ट्रात देवळांची दारे लाखो भक्तांना बंद राहिली. त्यांच्या पालखीस खांदा देणाऱ्या समाजाने त्यांचे आचरण मात्र फार उशिरा, आणि तेही अपुरे, उचलले. याची बोच भाविक मनास लागली पाहिजे. ज्यांनी नाथांना वाळीत टाकले त्यांना आपण धर्मरक्षक समजत होते. त्यांतील कोणालाही स्वतःचे वागणे अधर्माचे वाटले नसेल. म्हणूनच आपल्या घरात, आपल्या आळीत किंवा आपल्या जातीत एखादा कोणी अवघड प्रश्न विचारू लागला, तर त्याला पाखंडी म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. आपण कोणत्या सभेत बसलो आहोत, हे एकवार पाहून घ्यावे.

आज घरोघरी नाथांच्या प्रतिमेस हार पडेल आणि पुरणाचा नैवेद्य होईल. त्या नैवेद्यातील एक पान दारी आलेल्या भुकेल्यासाठी, त्याचे कुळ न विचारता, मांडले जावो. पितर तृप्त होतील आणि नाथही. त्या शांतिब्रह्माच्या चरणी आमचे विनम्र वंदन!