रेव्हरंड टिळक आणि मंडळीतली जागा



स्मरणिकेसाठी आपल्या मनावर ठसा उमटवणाऱ्या व्यक्तीवर लिहायचं ठरलं, तेव्हा बहुतेकांनी आपल्या शिक्षकांची नावं घेतली. मी निवडलेले गृहस्थ १९१९ सालीच वारले. तरी तुम्ही त्यांना ओळखता. घायाळ पक्षीण पिल्लांसाठी घरट्याकडे धडपडत निघते, ती कविता मराठीच्या बाईंनी शिकवली तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता होती. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

तुमच्यासाठी ते फुलामुलांचे कवी. आमच्या घरात त्यांचं नातं आणखी जवळचं. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, आणि दर रविवारी उपासनेत पेटी-तबल्यावर त्यांची भजनं गात मोठे झालो. आम्ही चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. या साध्या शब्दाचा अर्थ मला टिळकांच्या आयुष्यातून उलगडला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. आई लवकर गेली आणि मुलाने घर सोडलं. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत शिकून घेतलं. पुढे लग्न झालं, जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी लक्ष्मी होऊन घरात आली. टिळकांचा पाय मात्र एका गावी ठरत नसे. कीर्तन, पुराण, शिक्षकी, संपादन असं सगळं करत ते हिंडत राहिले. देशाचं भलं करणारा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवलं. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याचा अर्थ काय होता, याचा विचार करा. जात गेली, आप्तेष्ट तुटले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या. चार-पाच वर्षं हा संसार दुभंगलेला होता. संस्कृतचा हा पंडित आता अशा मंडळीत बसू लागला, जिथे नगर जिल्ह्यातली महार-मांग कुटुंबंच बहुसंख्य होती. शेजारी बसलेल्या माणसाला अक्षरओळख असो वा नसो, दोघांची जागा एकच. टिळकांची विद्वत्ता त्यांना तिथे पुढचा पाट मिळवून देत नव्हती आणि शेजाऱ्याचं अडाणीपण त्याला उंबऱ्याबाहेर ठेवत नव्हतं. यालाच आम्ही कृपा म्हणतो. देवळात प्रसाद वाटताना कोणी मार्कलिस्ट बघत नाही, तसंच.

लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. एका प्रवासात विचार करता करता बाईंना स्वतःलाच उमगलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत. त्या दिवसापासून सोवळं सुटलं आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ही कहाणी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या हसतखेळत सांगितली आहे की ज्यांनी वाचली नसेल त्यांनी सुट्टीत जरूर वाचावी.

मला विशेष वाटतं ते पुढचं. जागा फुकट मिळाली म्हणून टिळक तिच्यावर आरामात बसून राहिले नाहीत. नगरला त्यांनी शिकवलं, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळला. परक्या चालींवर गाणाऱ्या मंडळीला त्यांनी ओवी, अभंग आणि कीर्तन दिलं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. घर तर धर्मशाळाच होती. अनाथ मुलं तिथे वाढली. हिंदू असलेले बालकवी ठोंबरेही तिथे घरच्यासारखे राहिले. पगार पुरत नसे, आणि पुरला असता तरी टिळकांच्या हाती टिकला नसता. हे ओझं लक्ष्मीबाईंनी वाहिलं, हेही सांगायला हवं.

सेवा करून जागा मिळवायची, हा हिशेब मी नोकरीत वीस वर्षं करत आले आहे. प्रोजेक्टमधलं काम संपलं की तुमचा ॲक्सेस बंद होतो. टिळकांचा हिशेब उलटा होता. जागा आधी मिळाली, सेवा नंतर आली, आणि ती कृतज्ञतेपोटी आली. म्हणून तिला मोजमाप राहिलं नाही.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही त्यात येऊ शकत होता, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. मंडळीतल्या अनेकांना ही सैलाई वाटली असेल. जे आपल्याला दान म्हणून मिळालं, त्याच्या दारावर पहारा कसा बसवायचा, असा टिळकांचा सूर होता. या कामाला त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि दरबारही पुढे फार टिकला नाही. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं. नवऱ्याच्या धर्मांतराने कधीकाळी उन्मळून पडलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पुरं केलं. शाळेत कधी न गेलेल्या बाईंनी!

आपल्या मेळाव्याच्या यादीत कोणाला घ्यायचं, यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली. सातवीत चाळ सोडून बदलापूरला गेलेले, नववीत नापास होऊन कामाला लागलेले, हे आपल्या बॅचचे की नाहीत? शेवटी सगळ्यांना बोलवायचं ठरलं, याचा मला फार आनंद झाला. आपण तरी वर्गात कुठली परीक्षा देऊन बसलो होतो? बालवाडीत आईने हात धरून आणलं आणि कोणाच्या तरी शेजारी बसवलं. ती जागा अजून आपली आहे. तेव्हा हॉलवर खुर्च्या मांडायला आणि पंगतीत वाढायला माझं नाव लिहून घ्या. येणाऱ्या प्रत्येकाचं मनापासून स्वागत.