विश्लेषण : ‘युलिसिस’ लिहिणाऱ्या जेम्स जॉइस यांची दृष्टी कशी ढासळली? काचबिंदूत डोळ्यातील नसेचे नेमके काय होते?

ऑगस्ट १९१७. झुरिकमधील बानहोफस्ट्रासे या गजबजलेल्या रस्त्यावरून चालताना जेम्स जॉइस यांच्या उजव्या डोळ्यात अचानक असह्य कळ आली आणि ते जागीच थांबले. बराच वेळ त्यांना पाऊलही उचलता येईना. हा तीव्र काचबिंदूचा झटका होता. त्या वेळी ३५ वर्षांचे असलेले जॉइस ‘युलिसिस’ लिहीत होते. या डोळ्याची दृष्टी पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

सुरुवात कुठून झाली?

जॉइस यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८२ रोजी डब्लिनमध्ये झाला. लहानपणापासून त्यांची नजर कमजोर होती, मात्र तेवढ्याने कोणी आंधळे होत नाही. खरा त्रास १९०७ मध्ये सुरू झाला. तेव्हा ते इटालियन भाषक त्रिएस्ते शहरात इंग्रजीच्या शिकवण्या करून संसार चालवत होते. संधिवाताच्या तापाने त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि त्याच सुमारास डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज आली. हे दुखणे पुढे आयुष्यभर उलटत राहिले. त्यामुळे जॉइस यांना ‘काचबिंदू होता’ एवढेच सांगणे अर्धवट ठरते. मूळ दुखणे सुजेचे होते, काचबिंदू तिच्या मागून आला.

सूज आणि काचबिंदूचा संबंध काय?

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो आणि कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडतो. टाकीत नळ चालू असतो आणि तळाची मोरीही मोकळी असते, तसेच हे. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा डोळ्यातील नेहमीचा दाब. सूज आली की रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटू शकतो, जाळीत गाळ साचू शकतो. मोरी तुंबते, नळ मात्र चालूच राहतो आणि दाब चढतो.

त्याचा फटका बसतो डोळ्याच्या मागच्या बाजूला. दृष्टिपटलावरच्या पेशींचे सुमारे १० ते १२ लाख धागे एकत्र येऊन दृष्टीची नस बनते. ही जणू डोळ्यापासून मेंदूपर्यंतची केबल. ती डोळ्याबाहेर पडते त्या अरुंद जागी दाबामुळे धागे चेपतात, त्यांचा पोषणपुरवठा अडतो. मेलेला धागा पुन्हा उगवत नाही. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने नेलेली नजर परत आणता येत नाही, ती यामुळेच.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही हीच नस दुखावते, पण वेगळ्या कारणाने. तिथे शरीराची प्रतिकारशक्ती नसेच्या धाग्यांवरचे मायलिन हे आवरण खाते. गंमत म्हणजे दृष्टिपटलावर या धाग्यांना मायलिन नसतेच, ते डोळ्याबाहेर पडल्यावर सुरू होते. तरीही मागे तुटलेला धागा पुढे डोळ्यापर्यंत सुकत येतो आणि दृष्टिपटलावरचा धाग्यांचा थर पातळ होतो. हा थर आज ओसीटी यंत्राने मायक्रोमीटरमध्ये मोजता येतो. जॉइस यांच्या डॉक्टरांकडे असे काही नव्हते.

मग उपचार काय झाले?

२४ ऑगस्ट १९१७ रोजी झुरिकमध्ये जॉइस यांच्या उजव्या डोळ्यातील रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापण्यात आला. द्रवाला नवी वाट करून देण्याची ही शस्त्रक्रिया बर्लिनचे अल्ब्रेख्त फॉन ग्राफे यांनी १८५७ मध्ये जगापुढे मांडली होती. दाब उतरला, पण दृष्टी कायमची मंदावली.

पुढची १३ वर्षे हेच चक्र चालले. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ‘युलिसिस’ची प्रुफे तपासताना पुन्हा झटका आला. तरीही जॉइस प्रुफांच्या समासात नवा मजकूर घालतच राहिले. इंग्रजी न जाणणाऱ्या खिळे जुळवणाऱ्यांच्या हाती हे प्रुफांचे गिचमिड कागद जात, त्यामुळे पहिल्या आवृत्तीत चुकांचा सुळसुळाट झाला. तरी पुस्तक लेखकाच्या ४०व्या वाढदिवशी, २ फेब्रुवारी १९२२ रोजी बाहेर पडले. त्याच वर्षी रक्त शोषून सूज उतरावी म्हणून डोळ्याजवळ जळवा लावल्या गेल्या. १९२३ मध्ये दात काढले गेले, कारण दातातला जंतुसंसर्ग डोळ्यात उतरतो असा तेव्हा समज होता. पॅरिसमध्ये डॉ. लुई बोर्श यांनी शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया केल्या. छायाचित्रांतली डोळ्यावरची काळी पट्टी याच काळातली. ती लेखकाची ऐट वाटते, पण त्या पट्टीमागे खरी जखम होती.

लिहिणे कसे चालू राहिले?

‘फिनेगन्स वेक’चे काम १९२३ मध्ये सुरू झाले. जॉइस मोठमोठ्या अक्षरांत लिहीत, टिपणवह्यांतले वापरून झालेले शब्द रंगीत खडूने खोडत. प्रकाश परावर्तित होऊन कागदावर पडावा म्हणून पांढरा कोट घालत. काही मजकूर मित्रांना सांगून लिहून घेत, त्यात तरुण सॅम्युएल बेकेटही होते. या पुस्तकातली भाषा डोळ्यापेक्षा कानाने वाचावी लागते. त्याचे सारे श्रेय अधू नजरेला देणे घाईचे ठरेल. जॉइस मुळातच गाणारे होते आणि शब्दांच्या नादाचा सोस त्यांना आधीपासून होता.

मे १९३० मध्ये झुरिकचे प्रा. आल्फ्रेड फोग्ट यांनी डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. तोवर सुमारे डझनभर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. या वेळी वाचता-लिहिता येण्याइतके दिसू लागले आणि त्यावरच पुस्तक पूर्ण होऊन १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

डिसेंबर १९४० मध्ये युद्धामुळे फ्रान्स सोडून जॉइस कुटुंब पुन्हा झुरिकला आले. १३ जानेवारी १९४१ रोजी आतड्याचा व्रण फुटल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. झुरिकमधील फ्लुन्टर्न दफनभूमीत त्यांची कबर आहे. डोळ्याच्या आतली सूज आटोक्यात आणणारे कॉर्टिझोन डॉक्टरांच्या हाती आले, ते त्यानंतर जेमतेम नऊ-दहा वर्षांनी.